मोटर चालू, व्हॉल्व्ह बंद

जुळे सोलापूरमधल्या एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडं कापून देतो.

"आमचा शेरू, लॅब्रॅडॉर, आठ वर्षांचा, वजन 41 किलो. करीच्या दिवशी घरी मटण होतं. सासूबाईंनी चरबीचे तुकडे आणि तर्रीत कुस्करलेली भाकरी त्याला घातली. दुसऱ्या दिवशी सकाळपासून उलट्या. पोटाला हात लावू देईना. पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर करून नुसता थांबायचा. चौथ्या दिवशी डोळे पिवळे झाले. डॉक्टर म्हणाले, पँक्रिअसला सूज आहे. सोनोग्राफीत 'स्वादुपिंड सुजलेलं, पित्ताची नळी फुगलेली, खडा दिसत नाही' असं आलंय. सलाईन, उलटीचं आणि दुखण्याचं इंजेक्शन चालू आहे. दोन दिवस उलटी नाही. बिलिरुबिन 7.1 होतं, काल 5.8 आलं. माझे दीर म्हणतात, नळी तुंबली म्हणूनच हे झालं, ऑपरेशन करून मोकळी केल्याशिवाय उतरणार नाही, पुण्याला हलवा. शेजारचे काका म्हणतात, पाच दिवस कडकडीत उपाशी ठेवा. सासूबाई तर देवघरासमोरून उठत नाहीत. नळी तुंबली म्हणजे नक्की काय होतं? आमची मनी मांजर आहे, मोहोळला भावाच्या शेळ्या आहेत, त्यांनाही हे होतं का?"

ताई, आधी दिरांचं बघू. त्यांचं निम्मं बरोबर आहे, आणि अशा वेळी निम्मं बरोबर असलेलंच जास्त घोटाळा करतं. तुमच्या रिपोर्टमध्ये फुगलेली नळी आहे ती पित्ताची. स्वादुपिंडाची नळी वेगळी. दोन्हींची तोंडं शेजारी शेजारी उघडतात, म्हणून बोलताना सगळे "नळी" म्हणून मोकळे होतात. शेरूच्या बाबतीत बहुधा उलटं झालंय. स्वादुपिंड आधी सुजलं, त्या सुजेखाली शेजारून जाणारी पित्ताची नळी दबली, आणि पित्त मागे साचून डोळे पिवळे झाले. उलट्या पहिल्या दिवशी आणि कावीळ चौथ्या दिवशी, हा क्रमच ते सांगतोय. खड्याने पित्त अडलं असतं तर गोष्ट वेगळी, पण खडा दिसलेला नाही. आणि बिलिरुबिन, म्हणजे पित्तातला पिवळा रंग, रक्तात उतरू लागलाय म्हणजे दाब सुटतोय. सूज ओसरली की अशी कावीळ बहुतेक कुत्र्यांत दोन-तीन आठवड्यांत चाकूशिवाय उतरते. पुण्याची गाडी आज ठरवू नका.

पण नळी तुंबून स्वादुपिंड सुजतं, हेही खोटं नाही. ते कसं होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे पुढच्या वेळी कुणी काही सांगितलं तर तुम्हालाच चाळता येईल.

सोलापूरकराला हे समजवायला मला पुस्तक लागत नाही. आपल्याकडे नळाला पाणी काही दिवसांनी एकदा येतं, म्हणून घरोघरी हौद, बोअर आणि मोटर. मोटर चालू करून कुणी वरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडायला विसरलं, तर पाइप कुठून तरी सांधा सोडतो. व्हॉल्व्ह बंद आणि मोटरही बंद असेल तर काही फुटत नाही. पाणी पाइपात उभं राहतं, कालांतराने पाइप गंजतो, बस्स. स्वादुपिंडाचंही असंच आहे. नुसतं तुंबणं वेगळं, आणि तुंबलेलं असताना मागून जोर लागणं वेगळं.

स्वादुपिंड जठराच्या खाली, आतड्याच्या पहिल्या वळणाला चिकटून असतं. त्याची दोन कामं. एक इन्सुलिनचं, ते रक्तात जातं, त्याला नळी लागत नाही. दुसरं पाचकरस करण्याचं. मटण पचवणारा हा रस, आणि स्वादुपिंड स्वतःही मांसाचंच बनलेलं. मग ते स्वतःला का पचवत नाही? कारण रस तिथून निघतो तेव्हा झोपलेला असतो. ट्रिप्सिन हा त्यातला म्होरक्या, तो ट्रिप्सिनोजेन या निष्क्रिय रूपात नळीतून आतड्यात येतो. आतड्याच्या अस्तरात एन्टेरोकायनेज नावाचं एन्झाइम असतं, ते त्याला जागं करतं, मग तो बाकीच्यांना जागं करतो. शिवाय चुकून आतच एखादा जागा झाला तर त्याला गप्प करायला स्वादुपिंडात ट्रिप्सिन रोखणारं वेगळं प्रथिनही ठेवलेलं असतं. बंदोबस्त चोख आहे.

आता वाट अडली आणि वरून तेलकट-चरबीचं जेवण गेलं. चरबी आतड्यात पोचली की स्वादुपिंडाला निरोप जातो: रस सोडा. पेशी रस करतात, पण तो पुढे सरकत नाही. नळीत दाब वाढतो, पेशीला आपला माल बाहेर टाकता येत नाही. पेशीत पाचकरसाच्या पुड्या एका बाजूला आणि केरकचरा मोडून टाकणाऱ्या पिशव्या दुसऱ्या बाजूला, अशी व्यवस्था असते. माल अडला की या दोन्ही एकमेकींत मिसळतात. त्या कचऱ्याच्या पिशवीत कॅथेप्सिन बी नावाचं एन्झाइम असतं, आणि तेही ट्रिप्सिनोजेनला जागं करू शकतं. म्हणजे जे काम आतड्यात व्हायचं ते पेशीच्या पोटातच झालं. थोडं असेल तर रोखणारं प्रथिन सांभाळून घेतं. जास्त झालं की एकामागून एक सगळे जागे होतात आणि स्वादुपिंड स्वतःला पचवायला लागतं. सूज येते, सुजेने बारीक रक्तवाहिन्या दबतात, रक्त कमी पडलं की साधी सूज पेशी मरण्यापर्यंत जाते. आजूबाजूची चरबीही सुटत नाही. तिचे तुकडे होऊन रक्तातलं कॅल्शियम धरतात आणि अक्षरशः साबण होतो. पोट उघडलं तर खडूसारखे पांढरे ठिपके दिसतात. अशा जनावराचं कॅल्शियम कमी का आलं, याचं एक उत्तर हे.

हे सगळं कळायला फार कुत्र्यांचे जीव गेलेत, तेही सांगायला हवं. 1856 मध्ये फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्ह तेल सोडून दाखवलं की स्वादुपिंड पेटतं. 1901 मध्ये अमेरिकेत ऑपी यांना एका माणसाच्या शवविच्छेदनात नळीच्या तोंडाशी अडकलेला पित्ताचा खडा सापडला, आणि खड्यामागे अडलेलं पित्त उलटं स्वादुपिंडात घुसतं हा विचार रुजला. आणि मग कॅनडाचे डॉक्टर बँटिंग. 1920 च्या ऑक्टोबरअखेर त्यांनी स्वादुपिंडातल्या खड्यांवरचा एक लेख वाचला आणि रात्री उठून टिपण केलं: कुत्र्याच्या नळ्या बांधायच्या, पाचकरसाचा भाग सुकेपर्यंत कुत्रं जगवायचं, मग उरलेल्या भागातून साखर उतरवणारा पदार्थ काढायचा. 1921 च्या उन्हाळ्यात टोरांटोला बेस्ट या विद्यार्थ्याबरोबर त्यांनी तसंच केलं आणि तिथून इन्सुलिन आलं. घरातले साखरेचे पेशंट आज जे इंजेक्शन घेतात, त्याची सुरुवात कुत्र्याची ही नळी बांधण्यातून झाली.

यातलं महत्त्वाचं काय? नळी पूर्ण बांधूनही ती कुत्री आठवडे जगत होती! स्वादुपिंडाचा स्फोट झाला नाही. थोडी सूज आली, मग रस करणारा भाग हळूहळू सुकत गेला. व्हॉल्व्ह बंद आणि मोटरही मंदावलेली. म्हणून मी म्हणतो, कुत्र्यात निव्वळ तुंबण्यावर सगळा आळ घालू नका. तुंबणं अधिक जोर, तुंबणं अधिक रक्ताचा तुटवडा, तुंबणं अधिक आतड्यातला मैला उलटा शिरणं, अशा जोडीने ते जास्त घातक होतं. आणि शेरूच्या वयाच्या, वजनाच्या कुत्र्यांत तर बहुतेक वेळा कारण हाती लागतच नाही. चरबीचं जेवण, लठ्ठपणा, रक्तातली चरबी, कुशिंग (शरीरात कॉर्टिसॉल जास्त होण्याचा आजार) किंवा थायरॉइडचा आजार, फिटची काही औषधं, गोचिडाचा ताप हे सगळे संशयित. नळी त्यांतली एक.

कुत्र्याला निसर्गाने थोडी सवलतही दिलीय. त्याच्या स्वादुपिंडाला सहसा दोन नळ्या असतात. एक बारीक, ती पित्ताच्या नळीशेजारी उघडते. दुसरी तिच्याहून मोठी, थोडं पुढे स्वतंत्र तोंडाने उघडते. गंमत म्हणजे शरीरशास्त्रात या मोठीलाच "दुय्यम" म्हणतात, कारण नावं माणसावरून पडली. एका दाराशी अडलं तर दुसरं दार असतं, म्हणून माणसासारखा एका पित्ताच्या खड्याने कुत्रा सहसा आडवा होत नाही.

मग कुत्र्यात नळी खरंच अडते ती कशाने? गाठ, जुन्या सुजेचा वण, पोटाच्या ऑपरेशननंतरची सूज, क्वचित जन्मतःच चुकीची रचना. आणि आतड्यात अडकलेली वस्तू. आपल्याकडे मक्याच्या कणसाचा दांडा आणि आंब्याची कोय. कणीस खाऊन लोक दांडा रस्त्यावर टाकतात, आणि कुत्र्याला तो हाडासारखा वाटतो. वस्तू नळ्यांच्या तोंडाशी बसली की तोंडही दबतं, वर उलट्यांच्या दाबाने आतड्यातलं पाणी उलटं नळीत चढतं. त्याच पाण्यात एन्टेरोकायनेज असतं, जंतू असतात. ज्याला आतड्यात थांबायला सांगितलं तोच घरात आला. म्हणून उलट्या करणाऱ्या कुत्र्याचा एक्स-रे काढायला डॉक्टर सांगतात तेव्हा "सोनोग्राफी झालीय की" म्हणून टाळू नका. करीच्या दिवशी मटणाबरोबर हाड गेलं होतं का, हे सासूबाईंना शांतपणे विचारा. रागावून विचारलंत तर खरं सांगणार नाहीत.

सासूबाईंचं निघालंच आहे तर तेही सांगून टाकतो. त्या चरबीने ठिणगी पडली असेल, शक्यता चांगली आहे. पण 41 किलो एका करीला झालेले नाहीत. या जातीचा नर साधारण 30 ते 36 किलोचा असावा. ते पाच-सात किलो घरातल्या सगळ्यांनी मिळून, प्रेमाने, पोळीच्या तुकड्या-तुकड्याने चढवलेत. तुम्हीही त्यात आहात. देवघरासमोर बसायचं तर सगळ्यांनी बसा, नाहीतर कुणीच नको.

पुढचे पाय पसरून, मागचा भाग वर, हे तुम्ही अगदी नेमकं लिहिलंत. माझ्याकडे एक गृहस्थ कुत्र्याला घेऊन आले होते, म्हणाले, "डॉक्टर, कालपासून सारखा नमस्कार घालालाय बे, देवभक्त झालाय." पोटात आग पडली की कुत्रं असं पोट ताणून धरतं. कुणाच्याही कुत्र्याने उलट्यांबरोबर असा नमस्कार घातला तर त्याच दिवशी दाखवा.

आता शेजारच्या काकांचा उपास. यात काकांना दोष नाही, नोकरीच्या सुरुवातीला मीही हेच सांगायचो. स्वादुपिंडाला विश्रांती म्हणून तीन-चार दिवस तोंडाला काही लावायचं नाही, असंच आम्ही शिकलो होतो. ते आता मागे पडलंय. आतडं रिकामं राहिलं की त्याचं अस्तर कमजोर होतं आणि जंतूंना वाट मिळते. उलटी आटोक्यात आली की लवकर, थोडं थोडं, कमी चरबीचं खाणं द्यायचं. शेरूची उलटी दोन दिवस थांबलीय, म्हणजे आजच डॉक्टरांना "खायला केव्हा?" असं विचारा. दिवसातून चार वेळा, मूठभर. कातडी काढलेलं कोंबडीच्या छातीचं मांस पाण्यात उकडायचं, वरचा तवंग काढून टाकायचा, मऊ भात घालायचा. मीठ-मसाला-फोडणी काही नाही. हे काही दिवसांपुरतं. नंतर कमी चरबीचं तयार खाद्य घेणार असाल तर 1000 कॅलरींमागे चरबी 20 ग्रॅमच्या आसपास किंवा कमी आहे का ते बघा. पाकिटावर टक्के लिहिलेले असतात, तेव्हा दुकानदाराला नको, डॉक्टरांनाच हिशेब करायला लावा.

आणि शेंगाचटणी! सोलापुरात हे वेगळं लिहावं लागतं. शेंगदाण्यात जवळपास निम्मं तेल, त्यात लसूण. लसूण-कांदा कुत्र्याच्या रक्तपेशी फोडतो. कडक भाकरीचा तुकडा कधीमधी ठीक, पण चटणी पुसलेला नको. "बोटाला लागलेली तर चाटतो" हे मला माहीत आहे, बोट धुवा.

दुखणं कमी करायला घरातली गोळी देऊ नका. डॉक्टर इंजेक्शन देतायत ते पुरेसं आहे. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक या माणसांच्या गोळ्यांनी कुत्र्याच्या जठराला व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात. मनीला तर पॅरासिटामॉलची एक गोळी जिवावर बेतते.

मनीचं वेगळं आहे, आणि मला तुमच्या पत्रात खरी काळजी तिची वाटली. मांजराला सहसा स्वादुपिंडाची एकच नळी, आणि ती आतड्यात उघडण्याआधी पित्ताच्या नळीला मिळते. दोघींना मिळून एकच दार. पाचातल्या एखाद्याच मांजराला दुसरी नळी असते. तिथे काही अडलं, किंवा आतड्यातले जंतू वर चढले, की यकृताच्या नळ्या आणि स्वादुपिंड दोन्ही सापडतात. आतड्यालाही सूज असेल तर तिन्ही एकदम. नळीचा संबंध कुत्र्यापेक्षा मांजरात जास्त जवळचा आहे तो यामुळे. आणि मांजर ते कळू देत नाही. उलटी होईलच असं नाही, नमस्कार तर नाहीच. फक्त खात नाही, कपाटाखाली बसतं, अंग गार लागतं. दीड-दोन दिवस मांजर जेवलं नाही तर "रुसलीय" म्हणू नका. उपाशी मांजराच्या, विशेषतः लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साचते आणि तो दुसराच जीवघेणा आजार सुरू होतो. काकांचा सल्ला मनीला तर अजिबात लावू नका. म्हाताऱ्या मांजराची ही नळी वयाने थोडी रुंदावतेच, तेव्हा उद्या तिच्या रिपोर्टात तसं आलं तर तेवढ्यावर दिरांना फोन करू नका.

भावाच्या शेळ्यांबद्दल थोडक्यात. शेळी-मेंढीत स्वादुपिंडाची नळी पित्ताच्या नळीतच उघडते, गाईत सहसा स्वतंत्र. पण कुत्र्यासारखा अचानक आडवा पाडणारा आजार त्यांच्यात क्वचित दिसतो. त्यांच्या नळीत अडथळा होतो तो चपट्या कृमींचा, युरिट्रेमा नावाच्या. आशियात आणि ब्राझीलमध्ये ही कृमी गुराढोरांत आढळते. अंडी शेणातून बाहेर पडतात, जमिनीवरची गोगलगाय ती खाते, तिथून नाकतोड्यात जातात, आणि चरताना गवताबरोबर नाकतोडा शेळीच्या पोटात. नळीच्या भिंती जाड होतात, स्वादुपिंड हळूहळू वणाने भरतं, जनावर खाऊनही खंगतं. पण मोहोळला शेळी खंगली तर आधी साधे जंत आणि यकृताचे कृमी तपासा, लेंड्यांचा नमुना पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या. स्वादुपिंड यादीत फार खाली येतं.

ऑपरेशन कधी लागतं, तेही सांगतो, नाहीतर मी चाकूच्या विरोधात आहे असं दीर म्हणतील. बिलिरुबिन उतरण्याऐवजी चढत गेलं, शी पांढुरकी मातीसारखी झाली, पित्ताशय फुटल्याची चिन्हं दिसली, आतड्यात वस्तू अडकलेली निघाली, गाठ किंवा खडा दिसला, स्वादुपिंडात पू झाला, तर वेळ घालवायचा नाही. पुण्याला, किंवा शिरवळ, उदगीरच्या पशुवैद्यक महाविद्यालयात, जिथे तुमचे डॉक्टर सांगतील तिथे. सुजलेल्या स्वादुपिंडाजवळ भूल आणि चाकू स्वतःच धोक्याचे असतात, म्हणून उगाच नाही.

तपासण्यांपैकी एक विचारून घ्या. रक्तात अमायलेज-लायपेज ही पाचक एन्झाइमं नुसती वाढलीत यावर निदान उभं करता येत नाही, मूत्रपिंडाच्या आणि आतड्याच्या आजारातही ती वाढतात. कुत्र्याच्या स्वादुपिंडाचं लायपेज वेगळं मोजणारी तपासणी आहे, तिला सीपीएल म्हणतात. झाली नसेल तर रक्ताचा नमुना लॅबला पाठवता येतो. पुढे हा आजार वारंवार उलटला तर नळ्यांभोवती वण धरतो, वणाने नळी आवळते, आणि तुंबणं जे आधी नसेलही ते मग कायमचं होतं. तेव्हा साखर सुरू होऊ शकते, किंवा रसच कमी पडून ढीगभर तेलकट शी आणि उतरतं वजन. म्हणून महिन्यातून एकदा शेरूला वजनकाट्यावर चढवा आणि आकडा फ्रीजवर लिहा, सासूबाईंच्या हाताने.

या आठवड्यात एक गोष्ट तुम्हाला घाबरवेल, म्हणून आधीच लिहितो. बिलिरुबिनचा काही भाग रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला घट्ट चिकटतो आणि तो जायला वेळ घेतो. त्यामुळे शेरू खायला लागेल, शेपटी हलवेल, तरी डोळे आणखी काही दिवस पिवळे दिसतील. रोज सकाळी डोळ्याची पापणी ओढून बघत बसू नका, त्यालाही वैताग येतो. त्यापेक्षा त्याला अंगणात सोडाल तेव्हा लघवीकडे लक्ष ठेवा. गर्द पिवळी होती ती फिकट व्हायला लागली की मला कळवा.